दूधबाबांचे दात

ताटात दूधबाबांचा जबडा ठेवला होता. खाली तांबडं कापड, भोवती अक्षता, वर चिमूटभर बुक्का. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "हात लावला तर चालेल ना?"

लिंबाजी गुरव अमृतराव पाटलांकडे बघायला लागला. पूजा लिंबाजीची, पण शब्द पाटलांचा, हे त्या खोलीत शिरल्याबरोबर कळत होतं.

"लावा की, डॉक्टरीणबाई," अमृतराव म्हणाले. "त्यासाठीच तर तुम्हाला आणलंय. चप्पल तेवढी बाहेर काढली ना? मग झालं."

खरं सांगते, मला यायचंच नव्हतं. आदल्या दिवशी तालुक्याचा बाजार, म्हणजे माझ्या दवाखान्यात जत्रा. दिवसभर दाढा उपटून उजवा खांदा ठणकत होता. पण अमृतराव माझे जुने पेशंट. त्यांची वरची कवळी मीच बसवलेली. आणि आधी गाडी दारात उभी करायची, मग विचारायचं, ही त्यांची पद्धत. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं. ते त्या वर्षी माझ्यात उरलं नव्हतं.

सीनेकाठच्या खडकवळीतली ही गोष्ट. गावाबाहेर दूधबाबांची समाधी होती. रस्ता रुंद व्हायचा होता आणि समाधी नेमकी मध्ये येत होती, म्हणून गावानं ती उकरून अलीकडे नव्या ओट्यावर न्यायचं ठरवलं. अस्थी दुधानं धुताना लिंबाजीला हा जबडा मिळाला, वरचा आणि खालचा दोन्ही, दात जागच्या जागी. ते दात बघून सगळं गाव हरखून गेलं होतं. तीन दिवस नुसत्या रांगा लागल्या होत्या म्हणे दर्शनाला.

"तुम्हीच बघा," अमृतराव म्हणाले. "एकेक दात कसा गुळगुळीत आहे. कुठं टोक नाही, कुठं खड्डा नाही, कीड तर नावाला नाही. बाबा सोळाव्या वर्षी या गावात आले. त्या दिवसापासून देह ठेवेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घातला नाही. नुसतं दूध. तेही आमच्या घरचं. चावायचं कामच पडलं नाही, म्हणून दात असे राहिले."

"व्हय जी," लिंबाजी म्हणाला. "तान्ह्या लेकराची हिरडी कशी आसती, तसं लागतंय बोटाला."

"उद्या नव्या समाधीचा कार्यक्रम आहे. आमदार येणार आहेत, पंचक्रोशी येणार आहे. तुम्ही माईकवर चार शब्द बोलायचे. डॉक्टर म्हणून. की असे दात तुम्ही उभ्या जन्मात बघितले नाहीत. बास."

मी जबडा उचलला आणि खिडकीपाशी उजेडात नेला.

दवाखाना काढायच्या आधी मी शहरातल्या कॉलेजात शिकवत होते. जुन्या वस्त्यांच्या उत्खननातून निघालेले दात आमच्याकडे यायचे आणि ते तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मेलेला माणूस काय बोलत होता ते दात सांगत नाहीत, पण काय खात होता ते सांगतात. शिकारीवर जगणाऱ्यांचे दात वेगळे, शेती करणाऱ्यांचे वेगळे. ज्या घरात गूळ-साखर परवडते त्या घरचे आणखी वेगळे. दळायची तऱ्हा बदलली की माणसांची तोंडं बदलतात. गिरणी आली आणि दात झिजायचे थांबले. साखर आली आणि किडायला लागले.

असे दात मी उभ्या जन्मात बघितले नव्हते म्हणे! अहो, असे दात मी टोपलीनं बघितले होते.

"पाटील," मी म्हटलं, "हे दात न वापरल्यामुळे असे राहिलेले नाहीत. वापरून वापरून असे झालेत."

"म्हणजे?"

"न वापरलेल्या दाढेला टोकं असतात. तुमच्या नातवाच्या दाढेवरून बोट फिरवा, टोचतील. इथं ती सगळी झिजून सपाट झालीत. वरचं पांढरं कवच संपलंय, आतला पिवळा गाभा उघडा पडलाय, दिसतोय का? हे जात्याचं काम. दगडी जात्यावर दळलं की पिठात दगडाची कच उतरते. पिठातली कच भाकरीत, भाकरीतली तोंडात, रोज दोन्ही वेळा. तुमचे बाबा भाकरी खात होते, आणि चांगली भरपूर खात होते."

लिंबाजीनं दोन्ही कानांना हात लावले. पाटलांबरोबर आलेले दोघे गावकरी जमिनीकडे बघायला लागले. अमृतराव मात्र हसले. राजकारणात मुरलेला माणूस, तो काही लगेच चिडत नाही.

"खाल्ली असेल की," ते म्हणाले. "सोळा वर्षांपर्यंत. आईबापाच्या घरी खाल्लीच असेल."

माणूस हुशार होता. मला तो प्रश्न आवडला, आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी दातांबद्दल चांगला प्रश्न विचारला म्हणून जरा बरंही वाटलं.

"ही शेवटची बघा. अक्कलदाढ. ही उगवते अठराव्या-विसाव्या वर्षी. बाबा सोळाव्या वर्षी आले असं तुम्हीच म्हणता. म्हणजे ही दाढ उगवली खडकवळीत आणि झिजलीही खडकवळीतच. कशावर झिजली? दुधावर?"

आता अमृतरावांचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"डॉक्टरीणबाई, गावाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे हा."

"मग मी बोलतच नाही. खोटं मी बोलणार नाही आणि खरं बोलायची मला हौस नाही. मला घरी सोडा म्हणजे झालं."

खरंच हौस नव्हती. कुणी दुधावर जगला म्हणून लोक हात जोडत असतील, तर जोडू देत. माझं काय जात होतं? लोकांच्या देवाच्या तोंडात बोट घालायचं वय माझं गेलं होतं.

"ड्रायव्हर जेवायला गेलाय, येईल इतक्यात," अमृतराव म्हणाले आणि पाठ फिरवून लिंबाजीशी मांडवाचं बोलायला लागले.

मी बाहेर नव्या ओट्यावर येऊन बसले. फरशी तापली होती, पण उभं राहायचं त्राण नव्हतं. कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं. तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, डोक्यावर पदर. ती ओट्याच्या खालीच थांबली.

"बाई, दाताची डाक्टरीन तुमीच का?"

मी मान हलवली. आता ही तोंड उघडून दाढ दाखवणार, दुसरं काय. लग्नाला गेले तरी लोक मला दाढाच दाखवतात.

"दाढ दुखतेय का, मावशी?"

"न्हाई. माजं काय दुकत न्हाई." तिनं मागं वळून खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "बाबांचं दात बगितलं म्हनं तुमी. काय निगालं?"

"काय निघायचंय? भाकरी खायचे बाबा, तेवढंच निघालं."

ती मटकन खाली बसली. तिथंच, मातीत. पदराचा बोळा तोंडाला लावला आणि रडायला लागली. मी उठून तिच्यापाशी गेले, पाणी देऊ का विचारलं, तर तिनं नुसताच हात हलवला.

"आजून एकदा म्हना," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"आत्ता म्हनला त्येच."

"भाकरी खात होते बाबा. मावशी, झालं काय तुम्हाला?"

तिनं डोळे पुसले. "मी धुरपदा. राही मांगिनीची लेक. त्यो ओढा दिसतोय का? त्येच्या पल्याड आमचं घर. दोर वळायचं काम आमचं, पिढ्यान् पिढ्या. आन बाबांची झोपडी हुती ओढ्याच्या अल्याड. पाटलाच्या घरनं सांजच्याला तांब्याभर दूध यायचं त्यास्नी. तांब्याभर दुदावर मानूस जगतंय व्हय, बाई? माजी आई म्हनायची, ह्यो बैरागी आपल्या डोळ्यादेकत मरंल. मंग ती भाकर द्यायची."

"आणि नेऊन कोण द्यायचं?"

"आदी थोरली भन. तिचं लगीन झाल्यावर मी. घायपाताच्या वाखाची जुडी आसती ना, दोराची? त्या जुडीच्या आत भाकर. जुडी डोक्यावर घ्यायची आन ओढा वलांडायचा. आमच्या जुडीला कोन हात लावतंय? शिवत बी न्हवतं कुनी. बाबा झोपडीच्या मागं बसून खायाचं. गप. एक शबुद बोलायचं न्हाईत. खाऊन झालं की माज्या डोक्यावर हात ठिवायचं."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

विचारून झालं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती अजून ओट्याच्या खाली बसली होती. मी बस म्हटलं असतं तरी ती वर चढली नसती. आणि मी आत अर्धा तास अक्कलदाढ घेऊन बसले होते! हा प्रश्न दुधाचा नव्हताच. बाबा जेवत होते की नव्हते यानं गावाचं काही बिघडत नव्हतं. कुणाच्या हातचं जेवत होते यानं बिघडत होतं.

"सांगितलं की," धुरपदा म्हणाली. "आईनं सांगितलं. बाबा गेलं त्या दिसाला समदं गाव निवद घिऊन आलं. आई बी भाकर घिऊन गेली. म्हनली, रोज माजीच खायाचं, आज शेवटची बी माजीच निऊ द्या. अमृतरावाचा आजा हुता तवा. त्यो म्हनला, आगं, ह्ये खरं आसंल तर बाबा बाटलं. मंग समाधी न्हाई, मूठमाती न्हाई, मढं नदीला टाकू. बोल, खरं का खोटं?"

ती वेशीच्या दिशेनं बघायला लागली.

"आई म्हनली, खोटं. येशीत नाक घासलं तिनं, बाई. समद्या गावाफुडं. म्हनली, मी खोटं बोलले, बाबांनी माज्या हातचं कायबी खाल्लं न्हाई. तवा बाबास्नी समाधी घावली. आन आमच्या घराला नाव पडलं, खोट्याचं घर. मी लगीन हून गेले, कपाळ पांढरं करून माघारी आले, तरी त्येच नाव. आई मेली तवा बी लोक म्हनलं, खोटी राही गेली."

"मला काय करायला सांगताय, मावशी?"

"उद्या माईकवर बोलनार म्हनं तुमी. येवडंच म्हना. बाबा भाकर खात हुतं आन माजी आई खोटी न्हवती. आता त्यास्नी कोन नदीला टाकत न्हाई, आता देव झाल्यात ते. माजं बी आता किती ऱ्हायलंय? एकडाव चार मानसांत माज्या कानांनी ऐकू द्या. मंग मी मेले तरी चालंल."

मी दाढा उपटणारी बाई. घरी जाऊन खांद्याला तेल लावावं एवढीच माझी इच्छा होती. पण ती हात जोडून बसली होती, आणि अशा माणसाला काय सांगायचं? की मी दमलेय?

मी उठले आणि परत खोलीत गेले.

"पाटील, उद्या बोलते मी."

"वा! काय बोलणार?"

"जे दिसलं ते."

अमृतरावांनी माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं. मातीत बसलेली धुरपदा त्यांना दिसली. मला वाटलं, आता भडकणार. पण ते म्हणाले, "बोला की. खरं कुणाला नकोय?" इतक्या सहज म्हणाले की मला हायसं वाटलं. गाडीत बसले आणि रस्ताभर झोपले.

दुसऱ्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. व्यासपीठावर आमदार, त्यांच्या शेजारी अमृतराव, मग मी. बायका एका बाजूला, गडीमाणसं एका बाजूला. धुरपदा मांडवाच्या अगदी कडेला, बांबूला टेकून बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. तिच्या आजूबाजूला तेवढी जागा रिकामी होती.

भजन झालं, सत्कार झाले. माझं नाव पुकारलं. मी उठले आणि फार काही सजवून न बोलता सांगून टाकलं. की दात कसे झिजतात. जात्याची कच म्हणजे काय. की बाबांची अक्कलदाढ या गावात उगवली आणि या गावात झिजली. की बाबा दूध घेत असतीलही, पण ते रोज भाकरी खात होते. आयुष्यभर खात होते.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसवा तिला!" लिंबाजी उठून उभा राहिला. मी माईक घट्ट धरला.

"दात खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं. "आणि भाकरी कुणाच्या घरची होती ते सांगणारी बाई या मांडवात बसली आहे. तिच्या आईनं—"

तेवढ्यात अमृतराव माझ्या शेजारी आले. मोठ्या अदबीनं, दोन्ही हातांनी त्यांनी माईक माझ्याकडून घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच पाणी होतं डोळ्यांत, मी जवळून बघितलं.

"गावकरी हो, शांत राहा," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई खरं तेच बोलल्या. आमच्या घरानं एक गोष्ट तीन पिढ्या झाकून ठेवली होती. आज ती उघडी पडली, बरं झालं. आमची आजी, सोनाई, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. ती बाबांना दूध धाडायची. बाबांनी अन्न सोडलेलं, पण आईचं काळीज, तिला राहवायचं नाही. तांब्यावरच्या झाकणीखाली ती चतकोर भाकर ठेवायची. बाबांचं व्रत मोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मरेपर्यंत बोलली नाही. आजीची ती भाकर आज बाबांच्या दातांनी सांगितली हो!"

बायकांच्या बाजूनं हुंदका आला. कुणीतरी "सोनाई माता की" म्हणून ओरडलं आणि सगळा मांडव "जय" म्हणाला. आमदार टाळ्या वाजवत उभे राहिले.

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. मी दुसरा माईक ओढला.

"पाटील, काल तर तुम्ही म्हणत होतात, अन्नाचा कण खाल्ला नाही!"

"काल घरचं गुपित फोडायचा धीर झाला नाही. तुमच्यामुळे झाला."

पुन्हा टाळ्या.

"एक मिनिट," मी म्हटलं. "बाबांच्या एकाही दाताला कीड नाही. ज्यांच्या घरात तेव्हाही गूळ-तूप होतं, गोडधोड होतं, त्यांच्या दाढा किडलेल्या सापडतात. बाबांच्या तोंडात गेलेलं अन्न गरिबाघरचं आहे. कोरडं, कचीचं. ते ओढ्यापलीकडच्या राहीबाईंच्या घरचं अन्न आहे."

राहीचं नाव लाऊडस्पीकरवरून गावभर गेलं. मांडवाच्या कडेला धुरपदा उठून उभी राहिली. बांबू धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

अमृतराव जरासुद्धा गडबडले नाहीत.

"बाबांना गोड वर्ज्य होतं," ते म्हणाले. "म्हणून आजी कोरडीच धाडायची." मांडवात हशा आणि टाळ्या. मग माझ्याकडे वळून, अगदी आदरानं, माईकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आम्ही आपले अडाणी. तुम्हीच निकाल द्या. दातांवरून कळतं का हो, भाकरी कुणाच्या घरची होती?"

सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघत होता. आमदार बघत होते. धुरपदा बघत होती.

किडीवरून, झिजेवरून माणूस गरिबीत जेवला एवढं मी छातीठोकपणे सांगू शकत होते. पण गरिबीत तर अर्धं गाव जेवत होतं. जातं राहीचं की आणखी कुणाचं, भाकरी थापणारे हात कुणाचे, हे कुठल्याच दातावर उमटत नाही. खोटं बोलणार नाही असं मीच आदल्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं.

"सांगा की," अमृतराव म्हणाले. "कळतं का?"

"नाही," मी म्हटलं.

धुरपदा खाली बसली.

पुढं काय काय झालं ते नीट आठवत नाही. माझ्या गळ्यात हार पडला, श्रीफळ हातात आलं. अमृतरावांनी घरी माणूस पिटाळला आणि थोड्या वेळात त्यांची सून चांदीच्या ताटात भाकऱ्यांची चवड घेऊन आली. गरम होत्या, वाफ निघत होती. इथून पुढं दरसाल बाबांचा पहिला नैवेद्य भाकरीचा, आणि मान सोनाईच्या घराचा, असं तिथल्या तिथं जाहीर झालं. लिंबाजीनं मंत्र म्हटले. आदल्या दिवशी कानाला हात लावणारा लिंबाजी! मग भाकरीचे तुकडे करून प्रसाद वाटायला घेतला.

मी व्यासपीठावरून उतरले आणि गर्दीतून वाट काढत कडेला गेले. प्रसाद वाटणारी पोरगी माझ्या आधी तिथं पोचली होती. तिनं वाकायचं टाळून वरूनच एक तुकडा धुरपदाच्या पदरात टाकला आणि पुढं गेली.

"मावशी," मी म्हटलं. "मला खरंच तेवढंच कळतं हो."

"तुमी कुटं खोटं बोलला?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "इचारलं त्येवडं सांगितलं. माज्या आईचं नाव बी घेतलं. येवड्या मानसांत पयल्यांदाच घेतलं कुनी."

तिनं पदरातला तुकडा उचलला, नाकाशी नेला.

"तूप लावलंय ह्येला."

"हो. पाटलांच्या घरची ना."

"तुपाचा वास सोसायचा न्हाई त्यास्नी. वकारी यायची. आई म्हनायची, बगा, आमच्यापाशी तूप न्हाई त्ये बरंच हाय."

हे मी व्यासपीठावर जाऊन सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण तिथं गेले असते तरी काय? बाबांना तूप चालत नव्हतं, म्हणून आजी तूप लावत नसे, असं अमृतरावांनी पुढच्या श्वासाला सांगितलं असतं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पुढच्या साली भाकरीवरचं तूपही गेलं असतं. माझ्यात आता भांडायचं बळ नव्हतं आणि धुरपदाकडे बघितल्यावर कळलं, तिच्यातही नव्हतं.

"चला, मी सोडते घरापर्यंत," मी म्हटलं.

"नगं, बाई. कालपतूर लोक म्हनायचं, कुनीच भाकर दिली न्हाई. मी म्हनायचे, म्हना तिकडं काय बी, माजं मला ठावं हाय. खोट्याची लेक तर खोट्याची लेक. पन भाकर आमची हुती." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आता म्हनत्यात, सोनाईनं दिली. आता मी त्वांड उगडलं तर लोक काय म्हनत्याल? दुसऱ्याच्या भाकरीवर नाव सांगतीया. आईला खोटी केली हुती. आता मला चोर केली."

तिनं तो तुकडा माझ्या हातातल्या नारळावर ठेवला, लुगड्याची माती झटकली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. मांडवात अमृतराव माझं नाव घेऊन आभार मानत होते.